पासबुकातली वीस रुपयांची ओळ

आत्याच्या घरात विमा होता आणि तो घरात कुणालाच माहीत नव्हता. मामांना म्हणजे आत्याच्या मालकांना माहीत असेलही, पण ते सांगायला राहिले नाहीत. मी लातूरच्या मोंढ्यात एका आडतीवर हिशेब लिहितो. घरात कागद बघायची सवय असलेला मीच, म्हणून लोखंडी पेटीची किल्ली माझ्या हातात आली.

मामांचं वय 57, गाव औसा तालुक्यात. 2024 च्या नोव्हेंबरात हरभऱ्याला पाणी द्यायला ते रात्री शेतात गेले, कारण त्या आठवड्यात लाईट रात्रीची होती. धुऱ्यावर घोणस चावली. पोरांनी मोटारसायकलवर मधे बसवून आधी ग्रामीण रुग्णालयात नेलं आणि तिथून ॲम्ब्युलन्सने लातूरला. घोणशीचं विष रक्तावर जातं, मग किडनीवर. लस दिली, डायलिसिस केलं. तिसऱ्या दिवशी ते गेले.

त्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात भावकीचा एकच सूर होता, चिरफाड नको, माणूस घरी नेऊ. आतेभाऊ चाकणहून नुकताच पोचला होता, त्याला काही सुचत नव्हतं. तिथल्या पोलीस चौकीतल्या जमादाराने त्याला बाजूला घेऊन सांगितलं, "साप चावलेली केस आहे, नोंद तर होणारच. पोस्टमार्टेम करून घ्या, पुढं तुमच्याच कामाला येईल." साप चावून झालेला मृत्यू पोलिसांच्या दृष्टीने अकस्मात मृत्यू असतो. पूर्वी ही चौकशी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 174 खाली व्हायची, जुलै 2024 पासून नव्या कायद्याच्या कलम 194 खाली होते. दवाखाना ज्या ठाण्याच्या हद्दीत आहे तिथे आधी नोंद होते आणि मग कागद गावाच्या ठाण्याकडे येतात. हे ठाऊक नसलं की माणूस गावाच्या ठाण्यात जाऊन "आमच्याकडे काहीच नाही" ऐकून परत येतो. भावकीशी वाद घालण्यात संध्याकाळ गेली, पण पोस्टमार्टेम झालं. पुढे जे काही मिळालं ते त्या संध्याकाळमुळे मिळालं असं माझं मत आहे. अजूनही काही नातेवाईक त्यावरून माझ्याशी धड बोलत नाहीत.

पेटीत तीन गोष्टी सापडल्या. एलआयसीचा एक जुना बाँड, बँकेचं पासबुक आणि लिफाफ्यातून बाहेरच न काढलेलं रुपे कार्ड.

बाँडचं लवकर आटपतो. दुष्काळाच्या वर्षात हप्ते थांबले होते आणि पॉलिसी पेड-अप झाली होती. म्हणजे भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात रक्कम मिळते, पण अपघाताचा जोडलाभ पॉलिसी चालू असेल तरच. जे मिळायचं ते सरळ मिळालं.

कार्डाने मात्र जीव हळहळला. जनधन खात्याच्या रुपे कार्डावर अपघाती विमा असतो, 28 ऑगस्ट 2018 नंतर उघडलेल्या खात्याला दोन लाखांचा. आम्हाला कळलेली अट अशी की अपघाताच्या आधीच्या 90 दिवसांत त्या कार्डावर निदान एक व्यवहार झालेला हवा. मामा पैसे काढायचे ते बँकमित्राकडे अंगठा लावून. कार्ड जसं आलं तसं पेटीत गेलं होतं. ही अट घालणाऱ्याने आमच्या भागातली माणसं खात्यातून पैसे कसे काढतात ते कधी बघितलेलं दिसत नाही.

राहिलं पासबुक. ते भरून आणल्यावर मे महिन्यात वीस रुपये वजा झालेली ओळ दिसली. मागच्या वर्षीही होती. ही प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. अपघाती मृत्यूला दोन लाख, वय 18 ते 70, वर्ष 1 जून ते 31 मे. पूर्वी बारा रुपये कटायचे, 2022 पासून वीस. दोन वर्षांमागे 436 रुपयांचीही एक ओळ होती, मग ती येईनाशी झाली. आतेभावाला वाटलं बँकेने परस्पर बंद केली. तसं नव्हतं. ती जीवनज्योती, कुठल्याही कारणाने मृत्यू आला तरी दोन लाख देणारी, पण तिचं संरक्षण वयाच्या 55 ला संपतं. आणि वीस रुपये तरी कटले कसे? आमच्याकडे मे महिन्यात खात्यात काय असतं? सोयाबीनचे पैसे कधीच गेलेले, बी-खताची उधारी तोंडावर. पण पीएम-किसान आणि नमो शेतकरीचे दोन-दोन हजारांचे हप्ते त्याच खात्यात पडायचे, त्यामुळे शिल्लक राहिली.

बँकेत फॉर्म मागितला तर काउंटरवरच्या मुलीने आधी "हे इथं होत नाही" सांगितलं. दावा खातं असलेल्या शाखेतच द्यायचा असतो आणि अपघातापासून तीस दिवसांत. मी या योजनांच्या जनसुरक्षा संकेतस्थळावरून मराठी फॉर्म आणि नियमांची प्रत काढून नेली, मॅनेजरपुढे ठेवली. मॅनेजर वाचणारा निघाला, हे आमचं नशीब.

मग मृत्यूचा दाखला. आत्या ग्रामपंचायतीत जाऊन बसली होती, पण दाखला मृत्यू जिथे झाला तिथला मिळतो, आमच्या बाबतीत लातूरचा. एकवीस दिवसांत नोंद करायची असते, ती दवाखान्याने केलेली होती. दाखला हातात आल्यावर आतेभाऊ म्हणाला, यावर साप चावल्याचं कुठं लिहिलंय? लिहिलेलं नसतंच, दाखल्यावर मृत्यूचं कारण देत नाहीत. कारण दुसऱ्या कागदांनी सिद्ध करायचं, आणि तिथेच आमची गाडी रुतली.

पोस्टमार्टेमच्या अहवालात मृत्यूच्या कारणाचं मत राखून ठेवलं होतं, व्हिसेरा म्हणजे तपासणीसाठी काढलेले अवयवांचे नमुने प्रयोगशाळेत गेले होते. त्यांचा अहवाल कधी येईल ते कुणी सांगेना. दवाखान्याच्या मृत्यूच्या कागदावर पहिल्या ओळीत किडनी निकामी होणे आणि खालच्या ओळीत सर्पदंश. डॉक्टरांची लिहायची पद्धतच तशी आहे. शेवटचं, तात्काळ कारण वर आणि ते ज्यामुळे घडलं ते खाली. विमा कंपनीकडच्या कुणीतरी पहिली ओळ वाचली आणि बँकेमार्फत विचारणा आली की मृत्यू आजाराने झालेला दिसतो, अपघाताचा पुरावा द्यावा. चांगला धडधाकट, पोत्याची थप्पी लावणारा माणूस कागदावर किडनीचा पेशंट झाला. आत्याला हे सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "त्यास्नी कवा साधा ताप तरी आला होता का?"

मी दोन कामं केली. एक, दवाखान्याच्या रेकॉर्ड विभागात अर्ज देऊन भरतीच्या रात्रीच्या केसपेपरची साक्षांकित प्रत घेतली. त्यात दंशाची खूण, येण्याची वेळ, दिलेली लस, पोलिसांना पाठवलेली सूचना, सगळं होतं. ग्रामीण रुग्णालयाची चिठ्ठीही जोडली, कारण साप चावल्याचा सगळ्यात पहिला उल्लेख तिच्यावर होता. दुसरं, योजनेच्या नियमातली ती जागा खूण करून दिली जिथे लिहिलंय की साप चावणे, झाडावरून पडणे अशा घटनांत दवाखान्याची तात्काळची नोंद कारणाला आधार म्हणून चालते. व्हिसेराची वाट बघायची गरज राहिली नाही. मॅनेजरने आपलं पत्र जोडून ते पुढे पाठवलं.

दुसरा अर्ज कृषी खात्याकडे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजना पूर्वी विमा कंपनीमार्फत चालायची. एप्रिल 2023 च्या शासन निर्णयापासून ती सानुग्रह अनुदान झाली आणि सरकार पैसे थेट देतं. मृत्यूला दोन लाख, वय 10 ते 75. नावावर सातबारा असलेला शेतकरी त्यात बसतोच, शिवाय घरातला नावावर जमीन नसलेला एक जणही बसतो. याचा हप्ता नाही, नोंदणी नाही, आणि म्हणूनच बहुतेकांना ती आहे हेच ठाऊक नाही. वीस रुपयांचा विमा इतर विम्यांच्या जोडीला असतो.

अडचण तारखांची होती. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे तीस दिवसांत द्यायचा आणि त्याला वारसाची नोंद, म्हणजे गाव नमुना 6-क, लागते. फेरफाराच्या नोटिशीचेच पंधरा दिवस. तलाठ्याकडे (आता त्यांचं पद ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण गाव तलाठीच म्हणतं) वारसाचा अर्ज तेराव्याच्या आधी द्यावा लागला. त्यावरूनही कुजबुज झाली, माती अजून ओली आहे आणि हे जमिनीवर नावं लावलालेत. बोलू दिलं. कृषी कार्यालयात सातबारा, पंचनामा, पोलीस पाटलाचा अहवाल, पोस्टमार्टेम आणि वारस अर्जाची पोच एवढंच दिलं, फेरफार मागाहून. तिथल्या कृषी सहायकानेच सुचवलं होतं की मुदतीत पोच घेऊन ठेवा, त्रुटी नंतर भरता येते. दर पानावर शिक्का घेतला. आडतीवरची खोड.

नावाचा घोळ प्रत्येक घरात असतो, तसा आमच्याकडेही होता. आत्याच्या आधारवर नावापुढे 'बाई', बँकेत नाही. प्रतिज्ञापत्र करून मिटवलं.

पैसे कुठे पडणार हे मात्र मी आधीच बघून ठेवलं. लाडकी बहीणसाठी आत्याने पोस्टाच्या पेमेंट बँकेत खातं काढलं होतं आणि आधार त्यालाच जोडलं गेलं होतं. पेमेंट बँकेच्या खात्यात दिवसअखेर दोन लाखांपेक्षा जास्त शिल्लक ठेवता येत नाही आणि येणारी रक्कम होती नेमकी दोन लाख. अशी रक्कम अडकली असती की परत गेली असती, कोण जाणे. आधार गावच्या बँकेतल्या तिच्या जुन्या खात्याला जोडून घेतलं. ते खातं वापराविना बंद पडलेलं होतं, केवायसी करून चालू केलं. मामांच्या पीककर्जाच्या खात्याच्या आसपासही हे पैसे जाणार नाहीत, तेवढं आतेभावाला दोनदा बजावलं.

विम्याचे आधी आले, उन्हाळा लागायच्या सुमारास. कृषी खात्याचा प्रस्ताव तहसीलदारांच्या समितीत बसायला वेळ लागला, ते पैसे पेरणीच्या तोंडावर पडले. त्यातून सोसायटीचं देणं फिटलं. विम्याच्या दोन लाखांची मुदत ठेव केली.

ठेवीच्या दिवशी मॅनेजरने आत्याचं आधार बघितलं. जन्मतारीख 1 जानेवारी, शाळेचं तोंड न बघितलेल्या बऱ्याच बायकांची असते तशी. वय 49. म्हणाला, मावशी, पन्नासच्या आत आहात तर 436 वाली आत्ताच सुरू करा, नंतर घेता यायची नाही. पहिले तीस दिवस आजाराच्या मृत्यूला लागू नाही, अपघाताला लगेच. आत्याने दोन्ही फॉर्म, वीसचा आणि 436 चा, भरायला सांगितले. वारसदाराच्या रकान्यापाशी मी थांबलो, आतेभाऊ शेजारीच बसला होता.

"लेकीचं लाव," आत्या म्हणाली. "ह्येला जमीन हाय."

आतेभाऊ म्हणाला, "लाव की." मी लेकीचं नाव आधारवर आहे तसं, अक्षर न् अक्षर बघून लिहिलं.