उत्तर बरोबर, रीत चुकली

"हा खरा आहे का?"

आमच्या क्लबच्या जनरल मॅनेजरनं, म्हणजे खेळाडू घ्यायचा-द्यायचा निर्णय करणाऱ्या माणसानं, बैठकीत मला एवढंच विचारलं. ३१ जुलै २०२५, गुरुवार, सकाळचे साडेदहा. मेजर लीग बेसबॉलमध्ये खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत त्या दिवशी न्यूयॉर्कच्या घड्याळानं संध्याकाळी सहाला संपणार होती, आमच्या घड्याळानं पाचला. हातात साडेसहा तास आणि डोक्याला एकच विषय, आमचा डावरा पिचर, म्हणजे बॅटरला चेंडू टाकणारा.

मी मूळचा तासगावचा. संख्याशास्त्र शिकलो आणि गेली काही वर्षं अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातल्या एका क्लबच्या संशोधन विभागात काम करतो. क्लबचं नाव सांगत नाही, पिचरचंही नाही. आई फोनवर त्याला 'तुमचा डावरा' म्हणते, तर इथंही डावराच म्हणू.

डावरा एकेकाळी ऑल-स्टार होता, म्हणजे हंगामातल्या निवडक खेळाडूंपैकी. मग कोपर गेलं. १९७४ साली डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन नावाच्या पिचरवर जे ऑपरेशन पहिल्यांदा केलं आणि जे आता त्याच्याच नावानं ओळखलं जातं, तेच याचंही झालं. परत आला तेव्हा चेंडूचा वेग गेला होता. दोन वर्षं बॅटरनी त्याला बडवून काढला. आम्ही त्याला एका वर्षाच्या करारावर, स्वस्तात घेतला. आमच्या पिचिंग कोचनं त्याच्या स्लायडरची, म्हणजे बाजूला वळणाऱ्या चेंडूची, पकड बदलली, तर्जनी शिवणीवरून अर्ध्या बोटानं सरकवली, आणि चेंडू आडवा वळायला लागला. जुलै उजाडेपर्यंत निम्म्या लीगमधून त्याच्यासाठी फोन येत होते.

आता 'खरा आहे का' या प्रश्नाचा अर्थ. पिचरचे आकडे नशिबानंही सुधारतात. बॅटला लागून मैदानात गेलेला चेंडू क्षेत्ररक्षकाच्या हातात जाणार की मोकळ्या जागेत, हे पिचरच्या हातात फार थोडं असतं. व्होरोस मॅक्क्रॅकन या हौशी अभ्यासकानं २००१ साली हे मांडलं तेव्हा जुनी मंडळी त्याच्यावर तुटून पडली होती. आज आम्ही सगळे त्याच्याच जिवावर पोट भरतो. म्हणून आधी बघायचं ते क्षेत्ररक्षकांचा हात नसलेलं: स्ट्राइकआउट (पिचरनं एकट्यानं बाद केलेला बॅटर), वॉक (पट्ट्याबाहेरच्या चार चेंडूंमुळे फुकट पुढे गेलेला बॅटर) आणि होम रन. तिथं डावरा चोख होता. स्ट्राइकआउट वाढले होते, वॉक घटले होते आणि स्लायडरचं वळण मोजून दाखवता येत होतं.

"खरा आहे," मी म्हणालो.

इथंच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण माझ्याकडे आणखी एक तक्ता होता. मैदानाभोवती हॉक-आयचे १२ कॅमेरे असतात. क्रिकेटमध्ये पायचीतचा निवाडा करणारंच ते हॉक-आय. चेंडू हातातून सुटतो ती उंची ते टिपतात. डावऱ्याच्या गेल्या तीन सामन्यांत चौथ्या इनिंगपासून (सामना नऊ इनिंगचा) ही उंची सरासरी दोन इंच खाली आली होती. हात खाली यायला लागला की खांदा थकलाय किंवा कोपर कुरकुरतंय, असा संशय घ्यायचा, हे आमच्या धंद्यातलं पहिलीचं पुस्तक. मी तसं सांगितलं. खोलीत कुणीतरी खुर्ची मागे सरकवली.

आमचा सगळ्यात जुना स्काउट, म्हणजे फिरून खेळाडू हेरणारा, तोपर्यंत गप्प होता. तो म्हणाला, "बाद फेरीच्या वाइल्ड कार्ड जागेपासून आपण पाच सामने मागे आहोत आणि पुढे तीन संघ आहेत. त्याचा करार ऑक्टोबरनंतर संपतो. यात दोन इंचांचा काय संबंध?"

संबंध नव्हताच. पण तेव्हा मला ते दिसलं नाही.

डावऱ्याला ठेवला असता तर हंगामानंतर तो मोकळा झाला असता. अशा खेळाडूला क्लब एका वर्षाची 'क्वालिफाइंग ऑफर' देऊ शकतो; २०२५ मध्ये ती सुमारे २.२ कोटी डॉलरची होती. ती नाकारून तो दुसरीकडे गेला, तर क्लबला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू वाटून घेतात तेव्हा, एक जादा निवड मिळते. पण ही ऑफर एका खेळाडूला कारकिर्दीत एकदाच देता येते आणि डावऱ्याला ती जुन्या क्लबकडून मिळून गेली होती. थोडक्यात, ठेवला तर दोन महिन्यांचा डावरा, मग हात हलवत घरी.

बैठकीत जुने दाखले निघाले, ते निघतातच. १९८७ च्या ऑगस्टमध्ये डेट्रॉइटनं ३६ वर्षांचा डॉयल अलेक्झांडर घेतला. तो त्यांच्यासाठी नऊ सामने जिंकला, एकही हरला नाही, आणि संघ आपल्या विभागात पहिला आला. पण बदल्यात अटलांटाला दिलेलं वीस वर्षांचं पोरगं जॉन स्मोल्ट्झ निघालं, जे पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेलं. २०१३ साली शिकागो कब्जनं एका वर्षाच्या करारावर घेतलेला स्कॉट फेल्डमन सावरला, तसा त्यांनी जुलैत तो बाल्टिमोरला दिला. मोबदल्यात आलेल्या दोघांपैकी एक होता तिथं कुणालाच नको झालेला जेक अरिएटा. त्यानं २०१५ मध्ये सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार घेतला आणि पुढच्याच वर्षी कब्जनं १०८ वर्षांनी वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची अंतिम मालिका, जिंकली. आणि ताजा दाखला जॅक फ्लॅहर्टीचा. एका वर्षाच्या करारावर फॉर्म परत आलेला हा पिचर डेट्रॉइटनं ३० जुलै २०२४ ला डॉजर्सना दिला. तिकडे त्यानं वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना सुरू केला आणि डॉजर्स जिंकले. इकडे डेट्रॉइट त्याच्याविनाच प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, घुसलं, तेही बदल्यात आलेल्या ट्रे स्वीनीला शॉर्टस्टॉप या क्षेत्ररक्षणाच्या जागेवर उभं करून. वर थंडीत फ्लॅहर्टी पुन्हा डेट्रॉइटकडेच सही करायला आला! असे दाखले ऐकले की मला भीती वाटते. जे विकून फसले त्यांची नावं बैठकीत कुणी काढत नाही.

अकराच्या सुमारास आमच्या पिचरच्या वैद्यकीय कागदपत्रांची फाइल त्याला मागणाऱ्या क्लबला उघडून दिली गेली. यात लपवाछपवी चालत नाही. २०१६ साली ड्रू पोमरान्झच्या व्यवहारात सॅन डिएगोनं वैद्यकीय माहिती पूर्ण दिली नाही म्हणून त्यांचे जनरल मॅनेजर ए. जे. प्रेलर ३० दिवस निलंबित झाले होते. माझे दोन इंच मात्र वैद्यकीय नोंद नव्हेत. आणि हॉक-आयचे आकडे सगळ्याच क्लबांना दिसतात, त्यामुळे समोरचा माझ्यासारखाच कुणीतरी तेच बघत बसला असणार, हे मला कळत होतं. आपण आधी बोलावं की त्यानं विचारायची वाट पाहावी, या विचारात मी दोन कप कॉफी संपवली. त्यानं शेवटपर्यंत विचारलं नाही.

मधल्या वेळेत घरी फोन लावला. तिकडे रात्र होती.

"त्याला विचारलंत का, जायचंय का नाही ते?" आई म्हणाली. "का बैल आहे, दावं धरून बाजारात न्यायला?"

नाही विचारलं. आयपीएलमध्ये अशी अदलाबदल होते तेव्हा खेळाडूची संमती लागते. इथं करारातच तसं कलम असेल, नाहीतर मेजर लीगमध्ये दहा वर्षं आणि त्यातली शेवटची पाच त्याच क्लबात झाली असतील, तरच खेळाडू नाही म्हणू शकतो. बाकीच्यांनी बॅग भरायची. आईला हे पटलं नाही. मग अण्णांनी फोन घेतला. आमची द्राक्षबाग आहे. फेब्रुवारीत व्यापारी येऊन घड उचलून बघतो आणि दर सांगतो, तेव्हा थांबावं की द्यावं, हा हिशेब त्यांनी चाळीस वर्षं केलाय. त्यांनी विचारलं, "गिऱ्हाईक दारात उभं आहे का?"

"आहे."

"आणि आभाळ?"

मी दोन इंचांचं सांगितलं. ते म्हणाले, "मग देऊन टाक की."

चार वाजून दहा मिनिटांनी व्यवहार झाला. बदल्यात वीस वर्षांचा एक कॅचर (यष्टीरक्षकासारखा) आणि एक पिचर, दोघंही अजून मायनर लीगच्या खालच्या पायरीवर. निरोप सांगायला मैदानावरच्या मॅनेजरनं डावऱ्याला बोलावलं तेव्हा तो बुलपेनमध्ये, पिचरांच्या सरावाच्या जागी, सराव करून खांद्याला बर्फ लावून बसला होता.

पाऊण तासानं तो स्वतःच आमच्या खोलीत आला. दर मंगळवारी यायचा, स्लायडरचा आलेख बघायला. त्यामुळे वाट माहीत होती. खांद्यावर बॅग, केस ओले. मला तो 'प्रोफेसर' म्हणायचा.

"प्रोफेसर, नव्या ठिकाणी माझे तक्ते कोण काढेल?"

मी काहीतरी गुळमुळीत बोललो. मग राहवलं नाही. व्यवहार होऊन गेला होता, आता विचारायला हरकत नव्हती. विचारलं, "चौथ्या इनिंगनंतर हात खाली येतोय. दुखतंय का?"

तो बघतच राहिला. मग हसला. माझ्या टेबलावरचा चेंडू उचलला, तर्जनी शिवणीवरून सरकवली, हात नेहमीच्या उंचीला नेला, मग मुद्दाम थोडा खाली आणला.

"डावऱ्या बॅटरना," तो म्हणाला. "पहिल्या फेरीत त्यांनी स्लायडर बघितलेला असतो. दुसऱ्यांदा आले की मी हात खाली घेतो, म्हणजे चेंडू त्यांच्या पाठीमागून आल्यासारखा वाटतो. उजव्यांना नाही करत. तुला दिसलं नाही?"

चेंडू परत ठेवून, हात मिळवून तो गेला.

मी दार लावून ठिपके काढले. सरासरी नाही, एकेक चेंडूचा एकेक ठिपका, डावे बॅटर लाल रंगात आणि उजवे निळ्यात. वेलीवर दोन घड वेगवेगळे लटकावेत तसे दिसले. निळा घड पहिल्या इनिंगपासून सहाव्यापर्यंत जागचा हलला नव्हता. लाल घड चौथ्या इनिंगनंतर चांगला चार-पाच इंच खाली. त्या तीन सामन्यांत समोर डावे बॅटर नेहमीपेक्षा जास्त होते, एवढंच. दोन्ही घड एकत्र पिळून मी सरासरी काढली होती आणि तिला दुखणं म्हणालो होतो.

हायस्कूलला आमचे गणिताचे सर उत्तर बरोबर आणि रीत चूक असली की पाचपैकी शून्य द्यायचे. व्यवहार योग्यच होता, आजही मला तसंच वाटतं. पाच सामने मागे असलेल्या संघानं करार संपत आलेल्या पिचरचं दुसरं काही करायला नको होतं. पण जुन्या स्काउटची रीत दोन वाक्यांची होती आणि ती बरोबर होती. माझी १२ कॅमेऱ्यांची होती. दुसऱ्या दिवशी जनरल मॅनेजरला दोन्ही घड दाखवले. त्यानं नीट बघितलं आणि म्हणाला, "हे काल दाखवलं असतंस तर मी आणखी एक पोरगं मागितलं असतं."

आठवड्यानं डावऱ्याचा नव्या संघासाठी पहिला सामना होता. घरी लॅपटॉपवर लावला. पाचव्या इनिंगला एक डावरा बॅटर दुसऱ्यांदा आला. हात खाली आला. बॅटरनं मान मागे घेतली, चेंडू वळून स्ट्राइकच्या पट्ट्यात पडला, अंपायरनं मूठ आवळली.

आईचा मेसेज आला, "तुमचा डावरा जिंकला का?"

'तुमचा' या शब्दाचं काय करावं ते कळेना. नुसतं "हो" लिहिलं.