पहिला पक्षी पिंगळाच कोरा

लाकडाचा पहिला पक्षी कोरायला बसणार असाल तर चिमणी, पोपट, मोर यांच्या नादी लागू नका, पिंगळा घ्या. हे मी घुबडाच्या प्रेमापोटी नाही, लाकडाकडे बघून सांगतोय. कोरताना मोडतं ते नेहमी रेशांना आडवं गेलेलं बारीक टोक. चिमणीचा ठोकळा चोचीपासून शेपटीपर्यंत रेशांच्या दिशेत धरला तर चोच आणि शेपूट वाचते, पण पाय आडवे जातात आणि हमखास तुटतात. म्हणून लाकडी चिमण्यांना बहुधा पाय नसतातच, तारेवर नाहीतर खिळ्यावर बसवलेल्या असतात. पिंगळा उभा बसतो. ठोकळा उभा धरला की डोक्यापासून शेपटीपर्यंत सगळे रेशे सरळ खाली उतरतात. मान जवळपास नाही, चोच चेहऱ्याला चिकटलेली, पाय पिसांत झाकलेले. मोडण्यासारखं काही बाहेरच येत नाही.

नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्यात माझं कृषी सेवा केंद्र आहे. एप्रिलमध्ये गहू-हरभरा घरात पडलेला असतो, कपाशीच्या बियाण्याची धावपळ सुरू व्हायची असते, आणि दुपारी बारा ते चार रस्त्यावर चिटपाखरू नसतं. मोबाइल तरी किती बघणार? हाताला काहीतरी काम पाहिजे होतं.

लाकडाचं पहिलं ज्ञान बाजारपेठेमागच्या म्हाताऱ्या सुतारनानांकडून मिळालं. आमच्याकडे ज्याला विचारावं तो सागाचं नाव घेतो. दरवाजाला साग उत्तमच, पण कोरायला शिकताना नको. सागात बारीक वाळूचा अंश असतो, तो पात्याची धार खातो. बाभूळ औताची, बैलगाडीची. चाकूला दाद देत नाही. अंजनाचं तर नावच काढू नका, सातपुड्यातलं ते लाकूड आपल्या देशातल्या सगळ्यांत जड लाकडांत मोडतं. शेवगा मऊ आहे म्हणून काही जण सुचवतात, पण तो नुसता भुसभुशीत. कड धरतच नाही. यंत्रांच्या पेट्यांचं पाइन चालून जातं, फक्त त्याच्यात एक पट्टा मऊ आणि एक कडक असतो, त्यामुळे चाकू मध्येच सटकतो. चन्नपट्टणची खेळणी ज्या पांढऱ्याशुभ्र लाकडाची होतात तो काळा कुडा आपल्या डोंगरातही आहे, पण वखारीत येत नाही. नानांनी शेवटी ढिगातून शिवणीचा तुकडा काढून दिला. फिकट पिवळसर, वजनाला हलका, रेशे बऱ्यापैकी सरळ, आणि वाळल्यावर फार वाकडातिकडा न होणारा. कुठल्याशा कामातून उरला होता. पैसे घेतले नाहीत, चहा घेतला.

मी अंगणातल्या कडुनिंबाची छाटलेली फांदीही घेऊन गेलो होतो. नानांनी ती हातातही घेतली नाही. "गोल फांदी लेऊ नको भाऊ, उनमा फाटस." असं का, हे मी मग वाचून काढलं. लाकूड वाळताना वर्तुळाच्या दिशेने जितकं आक्रसतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडे आक्रसतं. गाभा मध्ये ठेवून अख्खी गोल फांदी वाळवली की तो ताण कुठेतरी चीर पाडूनच मोकळा होतो. त्यात आपला खान्देशातला उन्हाळा: वरचा थर वाळून घट्ट होतो तेव्हा आत अजून ओल असते. ओलं लाकूड कोरायला मऊ लागतं, ते घ्यायला हरकत नाही, पण फांदी उभी चिरून गाभा काढून टाकावा, कापलेल्या तोंडांना फेव्हिकॉलचा हात द्यावा आणि काम नसेल तेव्हा तुकडा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवावा.

आता चाकू. ऑनलाइन कोरायचे चाकू मिळतात. मी मात्र नानांच्या ओळखीच्या लेथवाल्याकडून पॉवर हॅक्सॉच्या, म्हणजे लोखंड कापायच्या यंत्रकरवतीच्या, तुटक्या पात्याचा करून घेतला. ते पोलाद कडक असतं, ग्राइंडरवर तापलं तरी लगेच नरम पडत नाही आणि धार बराच वेळ टिकवतं. पातं जेमतेम दोन इंच ठेवायला सांगितलं. लांब पात्याचं टोक कुठे चाललंय ते आपल्याला कळत नाही. घडीचा चाकू, ज्याला उघडल्यावर खटका बसत नाही, तो या कामाला अजिबात नको. जोर उलटा लागला की मिटतो, आणि मिटतो तो बोटावरच.

धारेबद्दल मी जरा लांबण लावणार आहे, कारण माझा सगळ्यांत जास्त वेळ तिथेच गेला आणि तो सत्कारणी लागला. हार्डवेअरच्या दुकानात एका बाजूने खरखरीत, एका बाजूने बारीक असा कार्बोरंडमचा दगड मिळतो. त्यावर पाणी टाकून पातं अगदी पसरट धरायचं, मागची बाजू दगडापासून किंचितच वर, आणि दोन्ही बाजू सारख्या घासायच्या. कडेवर नखाला लागेल अशी बारीक सळ उठली की ती बाजू झाली. मग काचेच्या तुकड्यावर हजार आणि दोन हजार नंबरचा पॉलिश पेपर ओला करून तेच. शेवटी जुन्या चामडी पट्ट्याचा तुकडा फळीवर चिकटवून त्यावर भांडी चमकवणाऱ्यांकडे मिळणारी हिरवी पॉलिशची वडी घासली. त्यावर पातं नेहमी मागे ओढायचं. पुढे रेटलं तर चामडं कापलं जातं. न्हावी वस्तरा पट्ट्यावर फिरवायचा तो हाच प्रकार. कोरायला बसल्यावरही दर पंधरा-वीस मिनिटांनी चार-सहा हात पट्ट्यावर मारून घेतले की दगडाकडे परत जायची वेळ क्वचितच येते.

धार आली की नाही हे केस कापून बघू नका, लाकूडच सांगतं. रेशांना आडवा काप घ्या. कापलेला भाग चकचकीत दिसला तर ठीक. पांढुरका, केसाळ दिसला तर पातं कापत नाही, फाडतंय. आणि प्रत्येक कापावर एकाच जागी केसाएवढी पांढरी रेघ उमटत असेल तर पात्याला तिथे खाच पडली आहे. ती रेघ मला आधी लाकडाचीच वाटली होती. नानांनी नुसतं बघून सांगितलं, "ह्याले धार नही शे." आणि पात्याची नेमकी ती जागा अंगठ्याने दाखवली.

पिंगळा म्हणजे तरी कुठला? शहाद्याच्या माणसाने रानपिंगळा सोडून दुसरा कोरला तर लाज वाटायला पाहिजे. ब्रिटिश पक्षिअभ्यासक ह्यूम यांनी १८७३ साली या पक्ष्याचं वर्णन केलं. १८८४ नंतर त्याचा एकही खात्रीचा नमुना मिळाला नाही आणि तो संपला असंच धरून चालले होते. एक नमुना १९१४ सालचा, गुजरातमधला म्हणून नोंदलेला होता; पण पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयातली जुनी कातडी तपासली तेव्हा ती नोंद बनावट निघाली. मेनर्ट्झहागन या गृहस्थांनी दुसऱ्याचा जुना नमुना ढापून त्याला आपली चिठ्ठी लावली होती. खोटा पत्ता बाजूला झाला, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांना हा पक्षी जिवंत दिसला तो आमच्या शहाद्याजवळच्या जंगलात. एकशे तेरा वर्षांनी. गावात आजही निम्म्या लोकांना हे माहीत नाही. पपई विचारा, लगेच सांगतील.

नवशिक्याला हा पक्षी आणखी एका कारणाने सोयीचा. गावातल्या साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपकेच ठिपके असतात. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ सपाट करडं-तपकिरी. छातीवर गडद पट्टा, बाजूंना जाड आडव्या रेघा, पोट पांढरं, आणि डोकं अंगाच्या मानाने मोठं. बारीक काम कमी, ठसठशीत काम जास्त. खरा पक्षी साधारण तेवीस सेंटिमीटर असतो. मी तीन इंचांचा धरला, म्हणजे एक तृतीयांश.

ठोकळा मात्र पाच इंच लांब घेतला. खालचे दोन इंच धरायला. हे सगळ्यांनी करावं. शेवटी करवतीने कापून टाकता येतं, आणि तोवर डावा हात पात्याच्या वाटेत येत नाही. पेन्सिलीने समोरून आणि बाजूने आकार काढला. आधी चारही कोपरे काढून आठ कडा केल्या, मग त्याही मारल्या. इथे काप दोनच प्रकारचे लागतात. एक, उजव्या हातात चाकू स्थिर धरायचा आणि डाव्या अंगठ्याने पात्याची पाठ पुढे ढकलायची. जोर अंगठ्याचा, त्यामुळे पातं दोन सुतांपेक्षा जास्त धावत नाही. दुसरा, कैरी सोलतो तसा, पातं आपल्या अंगठ्याकडे ओढत. या दुसऱ्यासाठी अंगठ्याला जाड कापडी चिकटपट्टीचे चार वेढे हवेतच. मांडीवर ठेवून कोरू नये. मांडीत मोठी रक्तवाहिनी असते. मी काउंटरच्या कडेला कोपरं टेकवून बसायचो, आणि फोन वाजला की आधी चाकू खाली, मग फोन.

मानेची खाच ही पहिली खरी परीक्षा. डोकं एक तृतीयांश सोडून सभोवती पेन्सिलीने रेघ मारली, तिच्यावर पातं उभं दाबून काप दिला. मग खालच्या बाजूने तिरपा काप त्या रेघेपर्यंत. उभा काप आधी दिलेला असल्याने ढलपी तिथेच थांबते आणि टपकन पडते, डोक्यात घुसत नाही. नंतर वरच्या बाजूनेही तेच. लाकूड नेहमी जाडीकडून बारीककडे, उतारावर कापायचं. मानेत दोन उतार एकमेकांना भेटतात, म्हणून डोक्याकडून खाली आणि छातीकडून वर, दोन्ही बाजूंनी खाचेतच उतरायचं. पातं मध्येच आत ओढलं जायला लागलं, लाकूड कुरकुरलं, की जोर लावू नका. तुकडा उलटा धरा आणि पलीकडून या.

चेहऱ्याला लोक घाबरतात, पण तो दोन उतारांचा खेळ आहे. मध्ये उभी कड ठेवली आणि दोन्ही बाजूंना उथळ, तिरपे पृष्ठभाग पाडले. कडेचं खालचं टोक जरासं उचलून ठेवलं की चोच झाली. वर मधोमध इंग्रजी व्हीसारखी खाच दिली की भुवया आल्या, आणि भुवया आल्याबरोबर लाकूड रागावून बघायला लागलं! डोळे चाकूने गोल निघत नाहीत. बॉलपेनच्या पुढच्या धातूच्या नळीची कड घासून पातळ केली आणि ती दाबून फिरवली. दोन्ही डोळे सारख्या मापाचे येतात. आधी दोन्ही जागी टाचणीने खूण करून लांबून बघावं, कारण घुबडाचा एक डोळा वर गेला की तो शंभर पावलांवरूनही कळतो.

याच सुमारास गिऱ्हाइकांचं लक्ष जायला लागलं. "हाई काय शे भाऊ?" पिंगळा म्हटल्यावर एक काका दोन पावलं मागे सरकले. "दुकानमा घुबड? आते गिऱ्हाईक कसं येई?" घरी आईचंही तेच, घुबड उंबऱ्याच्या आत नको. मी तिला पहाटे दारावर येणाऱ्या पिंगळा जोशाची आठवण करून दिली. पिंगळ्याची भाषा कळते म्हणून तो भविष्य सांगायचा आणि ती त्याला सुपातून धान्य घालायची, तेव्हा पक्षी बरा चालत होता. त्यावर तिने जोशी दाराबाहेरच उभा राहायचा हे लक्षात आणून दिलं. वाद तिथे संपला. पिंगळा दुकानातच आहे, कीटकनाशकांच्या कपाटावर. उंदीर खाणारा पक्षी बियाण्याच्या दुकानात शुभच, असं मी आता गिऱ्हाइकांना ठोकून देतो.

रंगाला पोस्टर कलर पुरले: तपकिरी, पांढरा आणि डोळ्यांना पिवळा. पाण्याने रंग पसरू नये म्हणून लाकूड आधी नीट वाळलेलं हवं. पॉलिश पेपर मी मारला नाही. चाकूचे पैलू दिसलेले मला आवडतात, आणि घासल्यावर पक्षी कारखान्यातला वाटायला लागतो. बुडाला, जिथे रंग नाही, तिथे जवसाचं तेल दिलं. घरात शेंगदाणा तेल डब्याने असतं, पण ते वाळत नाही, चिकट राहून धूळ धरतं. जवसाचं हवेतल्या ऑक्सिजनने घट्ट होतं. मात्र ते घट्ट होताना तापतं. तेलाचा बोळा चुरगळून कोपऱ्यात टाकला तर आपोआप पेट घेऊ शकतो, आणि आमच्या मे महिन्यात, खतांच्या गोण्यांशेजारी, ती जोखीम कोण घेणार? चिंधी पाण्यात बुडवायची, नाहीतर बाहेर तारेवर पसरून वाळवायची.

सध्या शेजारच्या चहावाल्याच्या पोराने पोळ्यासाठी बैलाची मागणी केली आहे. बैल म्हणजे पुन्हा तीच भानगड. रेशे उभे धरले तर चार पाय मजबूत होतात, पण शेपूट आणि शिंगं आडवी जातात. शिंगं वेगळी कोरून भोकात बसवायची, हे ठरलं आहे. शेपटीचं नाना म्हणतात सुतळीची लाव. पोराला ती लाकडाचीच पाहिजे आहे.