बाविसावी पाटी

पणजीतल्या एका प्रदर्शनाच्या २२ पाट्या मराठीत करायच्या होत्या. २१ दुपारपर्यंत हातावेगळ्या झाल्या. बाविसावी अजून डोक्यातून जात नाही.

फोटो गोव्यातली ग्रामदेवता सातेरी, तिच्या रोयणीचा, म्हणजे वारुळाचा. गाभाऱ्यात भुईतून वर आलेलं वारूळ, त्यावर मुखवटा, भोवती साडी. इंग्रजी मजकुरात शब्द 'टोटेम'. आधीच्या अनुवादकाने 'कुलचिन्ह' लिहून पैसेही घेतले होते. कोशात पहिलं दिसेल ते उचलायचं, ही आमच्या धंद्यातली जुनी खोड. चिन्ह म्हणजे गोव्याच्या कदंब राजांच्या नाण्यांवरचा सिंह. घराण्याचं नाव मात्र कदंबाच्या झाडाचं, तेच नाव आज गोव्याच्या सरकारी बसवर दिसतं.

टोटेम मूळचा उत्तर अमेरिकेतल्या ओजिब्वे लोकांचा शब्द. १७९१ साली जॉन लाँगच्या प्रवासवर्णनातून तो इंग्रजीत आला. अस्वल, मासा अशी त्यांची कुळं, आणि एकाच कुळात लग्न वर्ज्य. मराठीत याच्या सगळ्यात जवळचं म्हणजे देवक. मोऱ्यांकडे मोराचं पीस, कुणाकडे कळंब, कुणाकडे पंचपल्लव, काही घरांत चक्क कुऱ्हाड. लग्नाआधी झाडाची पूजा करून डहाळी तोडायची, मारुतीच्या देवळातून वाजतगाजत घरी आणायची, मांडवाच्या मुहूर्तमेढीला बांधायची. दोन्हीकडचं देवक एक निघालं की सोयरीक मोडली. मुंजीत सुपात मातृका मांडून 'देवक बसवतात', ते उठेपर्यंत सुतक लागत नाही, ते देवक निराळं. शब्द एकच असल्याने वाचक हमखास फसतो.

मी 'देवक' लिहून पाठवलं. छपाईआधी नमुना भिंतीवर लावून बघत होतो, तेव्हा तिथे झाडू मारणाऱ्या बाई थांबल्या. त्यांच्या गावात सातेरीचं देऊळ. वाचून म्हणाल्या, "देवक घराचें. ही गांवची." मी म्हटलं, मग खूण लिहू? "खूण न्हय. तीच सातेरी."

इथेच माझी गाडी अडली. देवक कुळाचं असतं, सोयरिकीची वाट आखतं. सातेरी ग्रामदेवता, तिच्या पायाशी सगळी कुळं येतात. आणि वारूळ तिच्याकडे बोट दाखवत नाही, ते तीच असतं. टोटेम, चिन्ह, प्रतीक, कुठलाही शब्द घेतला की देवी एकीकडे आणि माती दुसरीकडे पडते.

शेवटी छापलं: 'रोयण. सातेरी.' डिझायनरची तक्रार, खाली चार ओळींची जागा मोकळी राहिली. शेजारच्या इंग्रजी पाटीवर 'टोटेम' तसाच आहे. ती बदलणं माझ्या कामात नव्हतं.