गिदोन, पुरा आणि माझी गाडी

भीतीवर बोलायचं म्हटलं की सगळे लगेच बायबलमधले दाविद आणि राक्षसासारखा गल्याथ काढतात. मला त्या गोष्टीत कधी फारसा दम वाटला नाही, गोफण घेतली, धोंडा मारला, विषय संपला. माझा माणूस गिदोन, बायबलच्याच शास्ते पुस्तकातला. पहिल्यांदा दिसतो तेव्हा हा बाबा द्राक्षं तुडवायच्या कुंडात लपून गहू झोडतोय, कारण उघड्यावर झोडला तर मिद्यानी, म्हणजे शत्रू, येऊन सगळं उचलून नेणार, सात वर्षं तेच चाललेलं. आणि नेमका तेव्हाच देवदूत येऊन म्हणतो, पराक्रमी वीरा, परमेश्वर तुझ्याबरोबर आहे! आमच्या पेठेत कुणी असं म्हटलं असतं तर सरळ टोमणा समजून भांडण झालं असतं. गिदोनही काही हुरळून जात नाही, तो उलट विचारतो की परमेश्वर आमच्याबरोबर आहे ना, मग आमच्यावर ही वेळ का आली?

हे सगळं मी नीट वाचलं ते गेल्या पावसाळ्यात, हात प्लास्टरमध्ये असताना. क्वार्टर गेटजवळ ओल्या रस्त्यावर गाडी स्लिप झाली, मनगट मोडलं, बाकी खरचटण्यावर निभावलं. हाड जुळलं पण गाडीवर बसायची छाती होईना, किल्ली हातात घेतली की तळहाताला घाम. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे इथले मराठी ज्यू, राहायला रास्ता पेठेत, कॅम्पातल्या लाल देवळाच्या, म्हणजे सिनेगॉगच्या, गेटवर पोलीस असतात त्याची आता इतकी सवय झालीये की त्यांच्याकडे लक्षही जात नाही. तसली मोठी भीती चारचौघात बोलता तरी येते हो. पण मला टू-व्हीलरची भीती वाटते हे पुण्यात सांगायचं कुणाला, इथे बायका तोंडाला स्कार्फ गुंडाळून कात्रजपासून खराडीपर्यंत जाऊन संध्याकाळी भाजी घेऊन परत येतात!

त्यात एकांनी मला समजावलं की देवावर खरा विश्वास असला ना की भीती राहतच नाही. चांगल्या मनानेच म्हणाले असतील पण मला राग आला, म्हणजे आता मी भित्री तर भित्री, वर माझा विश्वासही खोटा? घरी येऊन तहिलीम, म्हणजे स्तोत्रांचं पुस्तक, उघडलं. ५६वं स्तोत्र, दाविदाला गथ गावात शत्रूंनी, पलिष्ट्यांनी, धरलं होतं तेव्हाचं, आणि त्यात तो सरळ म्हणतो की मला भीती वाटेल त्या दिवशी मी तुझ्यावर भरवसा ठेवीन. म्हणजे एकाच ओळीत भीती पण आहे आणि भरवसा पण आहे. हाच तो गोफणवाला दाविद, तेव्हापासून तोही जरा बरा वाटायला लागला.

आणि एलियाहू हनाबी, म्हणजे संदेष्टा एलिया, तर आमच्या घरातलाच. लग्न ठरलं, कुणी आजारातून उठलं, नवस फेडायचा असला की मलिदा होणार, गोड पोहे, खोबरं, फळं आणि त्याचं नाव. अलिबागजवळ खंडाळ्याला खडकावर त्याच्या रथाच्या खुणा आहेत असं आपली जुनी माणसं सांगतात. असा हा एलियाहू ईजेबेल राणीच्या धमकीने जीव घेऊन पळतो, रानात एका झुडपाखाली बसतो आणि म्हणतो पुरे झालं, आता माझा प्राण घे. त्यावर देवदूत लेक्चर देत नाही. ऊठ, खा, एवढंच. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई. तो खातो, परत झोपतो, देवदूत परत उठवतो, खा बाबा, पुढे वाट लांब आहे. आपल्याकडे कुणी घाबरलं की आधी उपदेश चालू होतो, जेवलास का हे शेवटी.

पण गाडी काढायला लावली ती गिदोननेच. मिद्यान्यांशी लढाई झाली त्याच रात्री आधी परमेश्वर त्याला म्हणतो, खाली त्यांच्या छावणीवर चाल करून जा, आणि जायला भीती वाटत असेल तर तुझा सेवक पुरा याला बरोबर घेऊन आधी नुसतं ऐकून ये ते काय बोलतात. भीती सोड मग जा असं नाही, सोबतीला माणूस घे. आणि गिदोन पुराला घेऊन जातो, म्हणजे भीती वाटतच होती! तिथे ऐकू काय येतं, तर एक मिद्यानी आपलं स्वप्न सांगतोय, जवाची एक भाकर गडगडत आली आणि तिने तंबू उलथवला. पलीकडचेही टरकलेलेच.

हे मी जेवताना सासूबाईंना सांगत होते. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग मी होते की तुझी पुरा. शुक्रवारी मला शिवाजी मार्केटला जायचंच आहे, मासे आणायला."

"अहो आई, पण पडले तर?"

"पडलो तर दोघी पडू. हेल्मेट आहे ना दोन?"

गेलो. सगळ्या रिक्षा ओव्हरटेक करत होत्या, मागून हॉर्न, आई मागून "डावीकडून घे, डावीकडून" करत बसलेल्या, मी तोंडातल्या तोंडात शेमा, आमची प्रार्थना, म्हणत होते आणि सिग्नलला पाय थरथरत होते ते आईंना कळलं असणारच, त्या काही बोलल्या नाहीत. येताना पिशवीतल्या पापलेटचं पाणी माझ्या सलवारवर सांडलं आणि त्या चिडचिडीत दोन चौक मला भीतीची आठवणच झाली नाही.

आता ऑफिसलाही एकटी जाते, पाऊस असला तरी. बायपास मात्र अजून नाही, आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही. गिदोनकडे ३२,००० माणसं जमली होती, ज्यांना भीती वाटतेय त्यांनी घरी जावं असं सांगितल्यावर २२,००० निघून गेली आणि त्यांना कुणी शिव्या घातल्याचं कुठे लिहिलेलं नाही, बायबलच्या अनुवाद नावाच्या पुस्तकातही लढाईआधी हेच विचारायचा नियमच आहे. तेव्हा हायवेपुरती मी त्या २२,००० मधली, तिकडे जायचं असलं की कॅब बोलावते.