आमची वाटचाल : कुर्ल्याच्या गाळ्यातून

शोभेचे मासे विकणारे मुंबईत पुष्कळ आहेत. पाणी सांभाळणारे फार थोडे, आणि त्यांत आमचं नाव घेतलं जातं हे आम्ही सांगायची गरज नाही, बाजारात विचारा.

सुरुवात 1991 ची, कुर्ला पश्चिमेला, भाड्याच्या गाळ्यात. आमच्या पिढीतल्या बहुतेकांना हा नाद चर्नी रोडच्या तारापोरवाला मत्स्यालयाने लावला. 1951 साली उघडलेलं ते मत्स्यालय 2015 मध्ये नवं रूप घेऊन आलं, ॲक्रेलिकचा बोगदा झाला, आणि कोविडपासून बंद झालं ते झालंच. असो.

तेव्हा टाकी म्हणजे लोखंडी अँगलची चौकट, त्यात पुट्टी आणि त्यावर काच. खाऱ्या पाण्याने अँगल गंजायचा, पुट्टी तडकायची आणि नेमकी रात्री कुणाच्या तरी दिवाणखान्यात गळती लागायची. आमच्या आधीचे दुकानदार यालाच धंदा समजत. गळती लागली की पुन्हा पुट्टी, पुन्हा बिल. आम्ही पहिल्या दिवसापासून निव्वळ काच आणि सिलिकॉनवर गेलो, ते चाचांमुळे. चाचा आमचे भागीदार, मूळचे काच कापणारे. हिऱ्याची कलम काचेवरून एकदाच ओढायचे. रेघ पडताना बारीक किर्र आवाज येतो, तो या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड आला पाहिजे. मध्ये तुटला तर ती काच बाजूला जायची आणि खिडकीवाल्याला विकली जायची, टाकीला कधी लागायची नाही. सिलिकॉनचा व्हिनेगरसारखा वास पुरता गेल्याशिवाय त्यांनी टाकीत पाणी भरू दिलं नाही, गिऱ्हाईक दारात टेम्पो घेऊन उभं असलं तरी. आणि हे कुणी विचारलेलं नसलं तरी सांगतो : बाथरूमसाठी मिळणारं सिलिकॉन टाकीला लावू नका. त्यात बुरशीनाशक असतं, त्याने मासे मरतात. मग दुकानदाराच्या नावाने शंख.

मग आला 26 जुलै 2005. त्या दिवशी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला हे आम्ही नंतर वाचलं. आम्हाला पाऊस कळला तो मिठीचं पाणी शटरखालून आत आलं तेव्हा. वीज आधीच गेलेली, ब्लोअर बंद. हवा थांबली की भरलेल्या टाकीतला माल काही तासांचाच. ऑक्सिजनचा एकच सिलिंडर होता. गुडघाभर पाण्यात उभं राहून आम्ही पिशव्या बांधायला घेतल्या : एक भाग पाणी, दोन भाग ऑक्सिजन, वर दुहेरी रबर. आधी खाऱ्या पाण्यातला माल, कारण तो महाग, आणि त्याच्यात पावसाचं पाणी शिरलं तर तो वाचतच नाही. क्लाउनफिश, ब्लू टँग, एक लायनफिश. लायनफिशला दुहेरी पिशवी, मध्ये वर्तमानपत्र, कारण त्याचे विषारी काटे प्लॅस्टिक आरपार करतात. पोटमाळा भरला, सिलिंडरचा काटा शून्यावर आला, तेव्हा पाणी कमरेला होतं. खालच्या रांगेतले गोल्डफिश, एंजल, गुरामी टाक्यांच्या वरून निघून गाळ्याबाहेर पोहत गेले. चाचा काही बोलले नाहीत, फक्त कलमेची पेटी शर्टात घातली.

पाणी ओसरल्यावर चिखलात जिवंत सापडले ते सकर मासे. तोंडाने वरची हवा घेऊन तगतात ते. (आता तलावात, नदीत सकर सापडतात म्हणून ओरड होते, ती रास्त आहे. नको झालेला मासा तलावात सोडू नका, दुकानात परत आणून द्या. आम्ही घेतो, पैसे मात्र देत नाही.) पोटमाळ्यावरच्या पिशव्यांतला निम्माअधिक माल वीज येईपर्यंत गेला. पाणी गार ठेवणारा चिलर, पंप, मिठाची पोती, सगळं गाळात. विम्याचा माणूस आला, नाकाला रुमाल लावून दारातूनच म्हणाला, ‘जिवंत माल पॉलिसीत बसत नाही.’ चिलर तरी बसतो ना? ‘बसतो, बिलं दाखवा.’ बिलं गाळ्यातच होती, त्यांचा लगदा झाला होता. त्या कंपनीच्या कॅलेंडरला आमच्याकडे आजही खिळा मिळत नाही.

त्या ऑगस्टमध्ये गाळा सोडायचं जवळजवळ ठरलं होतं. दादरच्या एका दंतवैद्यांनी बोलावून घेतलं. त्यांच्या दवाखान्यात आमची सहा फुटी टाकी होती, तिच्यात एकच टायगर ऑस्कर. नवा पेशंट आला की तो काचेशी येऊन न्याहाळायचा. डॉक्टरांच्या बोटातली कोळंबी अलगद घ्यायचा, कंपाउंडरने दिलेली तोंडात घेऊन थुंकायचा. डॉक्टरांनी वर्षभराच्या देखभालीचे पैसे रोख समोर ठेवले. म्हणाले, ‘तुमचे मासे गेले, माझा आहे ना अजून? त्याच्याकडे कोण बघणार?’ त्या पैशांतून पहिला ब्लोअर आला. डॉक्टरांची टाकी आजही आमच्याकडेच आहे, दर त्या वर्षीचाच. मुलगा कुरकुरतो, कुरकुरू दे.

पुढची वर्षं बरी गेली. फ्लॉवरहॉर्न माशांची लाट आली, गेली. मुलुंडला दुसरा गाळा झाला.

आता त्या टेंडरचं. मुंबईबाहेरच्या एका पालिकेने सार्वजनिक मत्स्यालय काढायचं ठरवलं. आम्ही दर भरला त्यात सँड फिल्टर, फेसाबरोबर घाण काढणारा प्रोटीन स्किमर, जंतू मारणारा यूव्ही दिवा, जादा चिलर, जनरेटर, नव्या माशांना वेगळं ठेवायची खोली, आणि मासे सोडण्यापूर्वी सहा आठवडे पाणी फिरवणं, एवढं सगळं होतं. या धंद्यातल्या माणसाला शेवटच्या ओळीचं कारण सांगावं लागत नाही. माशांच्या विष्ठेतून अमोनिया होतो. त्याचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये बसायला चार ते सहा आठवडे लागतात. साहेबांनी विचारलं, ‘नुसतं पाणी फिरवायचे पैसे कसले?’ काम गेलं सर्वांत कमी दरवाल्याकडे. हे गृहस्थ आमच्याच गाळ्यात पिशव्या बांधायला शिकले होते.

उद्घाटनाची तारीख ठरलेली, त्यामुळे मासे आदल्या आठवड्यातच सोडले. पिरान्हासारख्या दिसणाऱ्या पाकू माशांवर ‘पिरान्हा’ अशी पाटी. दहा दिवसांत फोन आला, गृहस्थांचा नाही, पालिकेचा. आम्ही रात्री पोहोचलो. अमोनियाच्या टेस्ट किटमधलं पाणी पिवळं राहायला हवं, ते गडद हिरवं झालं. समुद्राच्या पाण्याचा पीएच आठाच्या वर, तिथे तोच अमोनिया जास्त घातक. बॅटफिश पृष्ठभागाला तोंड लावून धापा टाकत होते. लिटरला पस्तीस ग्रॅम मीठ या हिशेबाने रात्रभर नवं पाणी कालवून बदललं. बॅटफिश गेले, मोरे ईल वाचली. पुढच्या महिन्यात गृहस्थांच्या जाहिरातीत तीच ईल, खाली ‘आमचा प्रकल्प’.

त्यांनी तिथे खरं प्रवाळही मांडलं होतं, ते आम्ही काढायला लावलं. प्रवाळ आणि समुद्रघोडे 2001 मध्ये वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत, आले. आमच्याकडे मागू नका, मिळणार नाहीत. 2022 च्या दुरुस्तीने परदेशी प्राण्यांसाठी वेगळी अनुसूची आली, 2024 मध्ये नोंदणीचे नियम आले. घरात आशियाई अरोवाना मासा असेल तर केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करून घ्या. तो घरात ठेवला की पैसा येतो असं सांगणाऱ्याकडून तर घेऊच नका.

चाचा आता गावी असतात, डोळे अधू झालेत. कलम आम्ही मागितली होती, दिली नाही.

त्या रात्रीचं बिल पालिकेकडे अजून बाकी आहे. मध्यंतरी चौकशी केली तर वर्क ऑर्डर कुठे आहे असं विचारलं. रात्री अकराला फोन करून बोलावणाऱ्याकडून वर्क ऑर्डर कशी घ्यायची, हे ज्यांना माहीत असेल त्यांनी दुकानात येऊन सांगावं. सोमवारी बंद असतं.