झाडलेली राई

आषाढ. पाऊस थांबून थांबून.

देवराईत जाऊन आले तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. तसं पाहिलं तर काहीच झालेलं नाही. एक फांदीसुद्धा तुटलेली नाही. सातवीण जागेवर, गारंबीची वेल तशीच पिळे घेत तीन झाडांवरून पलीकडे गेलेली. फक्त खाली पातेरा, म्हणजे झडलेला पाला, नाही. देवळापासून पार वहाळापर्यंत हिराच्या खराट्याने लख्ख झाडलंय. कडेला एका ढिगाची काळी राख, दोन ढीग भिजून तसेच पडलेले.

एवढ्यानं वाईट वाटून घ्यावं का? ज्यांनी झाडलं त्यांनी भक्तीनं झाडलं. देवाचं आवार स्वच्छ असावं, यात कुणाची चूक काढायची? तरी सलतंय.

पातेरा म्हणजे केर नव्हे. राईतल्या बऱ्याच झाडांचं बी साठवणीचं नसतं. जांभळाचं बी सुकलं की काही आठवड्यांत मरतं. पडल्यापडल्या त्याला ओल आणि सावली लागते. झाडलेल्या जागी माती दगडासारखी घट्ट झालीय. पाणी मुरत नाही, तांबडं होऊन वहाळाला जातं.

मीटरभराचा चौकोन आखून दोन ठिकाणी मोजलं. देवळासमोर एकही रोप नाही. मागच्या अंगाला, जिथे खराटा पोचत नाही, तिथे चार बोटं पातेरा, त्याच्या पोटात बुरशीचे पांढरे धागे, आणि जांभळाची अकरा रोपं. एका बीतून तर तीन कोंब वर आलेले, तिन्ही एकाच फुटक्या सालीला धरून. जांभळाचं असं होतं, ठाऊक होतं. तरी तिथून उठवेना.

मागच्या पावसात बेहडा पडला, त्या जागी आता डोक्याइतकं रानमोडीचं तण. आबा असते तर... असो. मोठं झाड पडणं वाईट नाही. ऊन खाली येतं आणि सावलीत वर्षानुवर्षं खोळंबलेली रोपं सरसर वाढतात. पण खाली रोप हवं ना! दीड एकराची राई, चारी बाजूंनी उघडी. रानमोडीचं बी वाऱ्यावर आयतं येतं. झाडं सगळी म्हातारी, आणि मागे पोरंबाळं नाहीत. हेच सलतंय. गाडगीळ-वर्तक या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात देवरायांवर लिहिलं, तेव्हापासून आपण सगळे कुऱ्हाडीवर बोलत आलो. मीही. खराट्याचं कधी मनातच आलं नाही, इतकी वर्षं.

गुरवकाका म्हणाले, "पूर्वी देवाची वाट तेवढी झाडायचे. आत पाय टाकायची छाती कोणाची होती?"

हे ऐकून जरा हलकं वाटलं. म्हणजे नवं काही पटवायचं नाही, जुनंच आठवून द्यायचंय. दोन माणसं जातील एवढी वाट झाडावी, बाकी राई तशीच राहू द्यावी. रानमोडी कापून भागणार नाही, बुंध्यातून परत फुटते. माती मऊ आहे तोवर मुळासकट उपटायची, फुलायच्या आत, म्हणजे दिवाळीआधी. रोपवाटिकेतली कलमं आणायची नाहीत. मागची जांभळं आपणहून पुढे येतील.

उरलेले दोन ढीग पसरायला गुरवकाका हो म्हणालेत. चार बोटांहून जाड थर नको, नाहीतर कोंब खालच्या खाली कुजतील.