रीहू आणि मोही रीहू

रविवार, रात्री साडेदहा

आई आज सकाळच्या एसटीने सांगलीला परत गेली. दाराशी चपला घालताना नेहमीसारखं "येते गं" म्हणाली. निघताना "जाते" म्हणायचं नाही, हे आमच्या घरात लहानपणापासून मुरलेलं. दिवसभर ते "येते" कानात होतं. संध्याकाळी मी शिकत असलेल्या लोज्बान या रचलेल्या भाषेची वही काढली, तर धडा नेमका दिशा आणि हालचालीचा.

जेम्स कुक ब्राउन यांनी १९५५मध्ये लॉगलान भाषा रचायला घेतली, तिच्यातूनच १९८७मध्ये लोज्बान निघाली. तिचे मूळ शब्द सहा भाषांतून घडवलेत, त्यात हिंदीही आहे.

दिशेचे शब्द इवलेसे. रीहू उजवीकडे, झूहा डावीकडे, तिहा मागे, आणि समोर म्हणजे शाहू! आजोळ कोल्हापूरचं, त्यामुळे हा शब्द पाठ करावाच लागला नाही.

"ले वेर्बा रीहू शाद्झू" म्हणजे मूल माझ्या उजव्या बाजूला चालतंय. रीहूच्या आधी 'मोही' घातलं की तेच मूल उजवीकडे निघालं. मराठीत दोन्हीला मी "मूल उजवीकडे चालतंय" म्हणून मोकळी होते. "पोरगं घरात पळालं" हेही तसंच. अंगणातून आत पळालं, की आतच धावत होतं? गरज पडली तर "घरातल्या घरात" म्हणायची सोय आपल्याकडे आहे, पण एरवी ऐकणाऱ्यानेच ओळखायचं. लोज्बानमध्ये नुसतं 'नेही' म्हणजे आत असणं, 'मोही नेही' म्हणजे आत शिरणं. असणं आणि सरकणं यांतलं अंतर एका शब्दावर पेललेलं पाहून मी बराच वेळ त्याच पानावर थांबले.

मग क्लामा. या क्रियापदाला पाच जागा: कोण, कुठे, कुठून, कुठल्या वाटेने, कशाने. आई सांगलीला पुण्याहून कराडवरून एसटीने गेली. आपल्याकडे ला, हून, वरून, ने असे प्रत्यय असल्याने शब्द कसेही फिरवले तरी अर्थ शाबूत राहतो. तिथे असे प्रत्यय नाहीत, एरवी क्रमावरूनच कळतं.

पण क्लामा म्हणजे जाणंही आणि येणंही. बोलणारा कुठे उभा आहे, ते या क्रियापदाला ठाऊकच नसतं. मग आईचं "येते" तिथे कसं म्हणायचं? वहीत दोन ओळी लिहिल्या. "मी शा क्लामा ला सांग्लिस", मी आत्ता सांगलीला जाते आहे. (विशेषनाम व्यंजनाने संपावं लागतं, म्हणून सांगलीला तो स जोडला.) खाली "मी बा क्लामा ती", मी इथे येईन. आई बोलली ती दुसरी ओळ. पहिली तिने आजवर कधीच उच्चारली नाही, आणि आज पायऱ्या उतरून गेली ती त्याच ओळीप्रमाणे.

दुपारी तिचा फोन आला होता, पोचले म्हणून.